लाकडी धक्का

“काल बस चुकली, मग आम्ही चालतच आलो,” बारकी म्हणाली आणि पावाला लोणी लावत राहिली. मी चहा गाळत होते. गाळणं हातात तसंच राहिलं, चहा कपाबाहेर ओट्यावर पसरला, तरी मला पत्ता नाही. काल मी घरी होते. गुडघे शेकत बसले होते. मग हे आम्ही कोण? दुसऱ्या एखादीने मनाची समजूत घातली असती, असतील ऑफिसातल्या कुणी बायका. पण जिच्याबरोबर एका खोलीत जन्म काढला तिचा शब्द नुसता ऐकू येत नाही, तो घासात खडा लागावा तसा लागतो. बारकी विजेच्या ऑफिसात बिलं घ्यायला खिडकीवर बसते. रोज संध्याकाळी काचेपलीकडची माणसं घरी घेऊन येते, ती भांडकुदळ बाई, ते बहिरे आजोबा, आमचा साहेब असा, आमचा शिपाई तसा. ते ‘आमचा’ मला पाठ आहे, त्यात काही दम नसतो. हे वेगळं होतं. यात कुणीतरी तिच्या पावलाशी पाऊल जुळवत चालत होतं. आणि वाईट हे, की तिला स्वतःला ते कळलंच नव्हतं. ती अडखळली असती तर मला बरं वाटलं असतं, चोर सापडल्यासारखं. अडखळली नाही. सहज बोलून गेली. “आम्ही म्हणजे?” मी ओटा पुसत विचारलं. तिच्या हातातली सुरी थांबली, आणि मानेपासून कानापर्यंत ती लाल झाली. पन्नाशीकडे झुकलेली बाई, अंगाने माझ्या दीडपट, घरात अजून बारकी म्हणतात म्हणून काय झालं! “ते नकाशेवाले,” ती म्हणाली. “तुझ्या डॉक्टरीणबाईंकडे यायचे ते. तू ओळखतेस त्यांना.”

मी ओळखत नव्हते. मी त्यांचे दात ओळखत होते. माझं काम दवाखान्याच्या मागच्या खोलीत. पुढे डॉक्टरीणबाई माणसांना आ करायला लावतात, तोंडाचा ठसा घेतात, आणि तो ठसा ओल्या कापडात गुंडाळून माझ्याकडे येतो. मी त्यात प्लास्टर ओतते, साचा काढते, मेणाच्या पट्टीवर एकेक दात बसवून कवळी करते. माणूस माझ्यापर्यंत येत नाही, त्याचं तोंड तेवढं येतं. शिंकेल, बोलेल, खोटं बोलेल अशातलं काही नाही, नुसतं पांढरं, गार, उघडं तोंड. नकाशेवाल्यांचा ठसा मला आठवला, कारण पुढचे चारही दात एकदम गेलेले होते. मोजणीच्या ऑफिसात नकाशे काढायचे, आणि निवृत्त व्हायच्या आठवड्यात तिथल्याच जिन्यावरून पडले, असं डॉक्टरीणबाई सांगत होत्या. “सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या चढउतारांचे नकाशे काढले, आणि स्वतःच्या ऑफिसचा जिना दिसला नाही,” असं त्या हसत म्हणाल्या होत्या. मेणावर घेतलेला त्यांचा चावा मी दिव्याखाली धरून पाहिला होता. डावीकडच्या दाढा झिजलेल्या. झोपेत दात खाणारा माणूस. मी त्यांना चार दात केले, अगदी जीव ओतून केले. एकसारखे शुभ्र केले नाहीत, एकाला किंचित पिवळट छटा दिली, एक केसभर तिरका बसवला, म्हणजे खोटे वाटू नयेत. आणि त्या दिवसांत बारकी संध्याकाळी मला न्यायला यायची. बाकावर बसून वाट बघायची. तिथेच तोंडावर रुमाल धरलेला तो माणूस बसलेला असणार. दात नव्हते तोवर तो बोलला नसेल. मग मी त्याला दात दिले, आणि तो माझ्या बहिणीकडे बघून हसला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून निराळं काय?

“ते आता त्यांच्या गावी जाणारेत, कायमचे,” बारकी म्हणाली. “मला विचारलंय त्यांनी. मी म्हटलं, ताईला विचारल्याशिवाय मी काही बोलायची नाही.” “मग विचार.” “विचारतेच आहे गं.” मी तिच्याकडे पाहिलं नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. डोंगरांच्या मधोमध एक तळं, काठाला टेकलेल्या होड्या, असलं ते चित्र. वर्ष संपलं तरी आम्ही ते कॅलेंडर काढलं नव्हतं, कारण त्या तळ्याला एकदा जायचंच असं दोघींचं ठरलेलं होतं. दर वर्षी काहीतरी निघायचं, कधी नळ, कधी छप्पर, कधी माझे गुडघे. या वर्षी गर्दीचा हंगाम उलटून गेल्यावरची, स्वस्तातली तिकिटं बारकीने काढून ठेवली होती. “आधी तळ्याला जाऊन येऊ,” मी म्हटलं. “मग बघू.” तिने मान डोलावली आणि गार झालेला चहा निमूट प्यायली. मी काय केलं ते मला कळत होतं. तिचं सगळं माझ्या एका शब्दावर अडलं होतं, आणि तो शब्द मी मुठीत धरून बसले. मूठ उघडायची माझी तयारी नव्हती. ती गेली तर त्या खोलीत मी काय करणार होते? कुणासाठी चहा गाळणार होते? हा प्रश्न तिच्या सुखापेक्षा मोठा नव्हता, पण माझ्या छातीवर तोच बसला होता.

बस साधी होती, बाकांचा फोम दबलेला, खिडकी बंद होत नव्हती. घाट लागला तसं बारकीने डोकं माझ्या खांद्यावर टाकलं. वळणांवर तिला मळमळतं, लहानपणापासून. मी पिशवीतलं लिंबू तिच्या नाकाशी धरलं आणि तिचं जड, गरम डोकं सावरत बाहेर बघत बसले. खाली दरी, दरीत धुकं. एका वळणावर तिचं तोंड उघडं पडलं आणि मला तिचा पहिला पडलेला दात आठवला. आई तेव्हा होती, पण आजारी, पलंगावर. दात हलायला लागला तेव्हा बारकी आईकडे गेली नाही, माझ्याकडे आली. मी दोरा बांधला, दुसरं टोक दाराच्या कडीला, आणि तिला म्हटलं, डोळे मीट, आपण एक गंमत करू. दार लोटलं. ती रडली नाही. तोंडातलं रक्त गिळून म्हणाली, “ताई, परत येईल ना गं?” मी म्हटलं येईल, आणि आला. त्या वयात मी सांगितलेलं सगळं खरं व्हायचं. पुढच्याच थंडीत आई गेली. जायच्या आधी तिने मला जवळ बोलावलं, श्वास पुरत नव्हता, तरी म्हणाली, बारकीला जप. बस, तेवढंच. त्या दोन शब्दांवर मी कॉलेज सोडलं, काम धरलं, नळाला पाणी येईल त्या वेळी उठले. लोक म्हणायचे, मोठीने धाकटीसाठी जन्म जाळला. मला ते ऐकायला आवडायचं. मला काही जाळलंबिळलं वाटत नव्हतं, मला एक काम मिळालं होतं आणि मी ते नीट करत होते. त्यात माझी ऐट होती. खांद्यावरचं डोकं जड झालं तरी मी खांदा हलवला नाही, आणि बस थांबली तेव्हा हाताला मुंग्या आल्या होत्या.

तळं कॅलेंडरपेक्षा लहान होतं आणि रंगाने करडं. स्टँडपासून लॉजपर्यंत टॅक्सीवाले मागे लागले, पण आम्ही बॅगा दोघींच्या मधे धरून चालतच गेलो. लॉजमध्ये खोल्या होत्या त्या परवडणाऱ्या नव्हत्या, आम्ही घेतली ती सामायिक खोली, एकावर एक लोखंडी पलंग, बाकीचे सगळे रिकामे, घोंगड्यांना ओलसर वास. मालकीण कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावून आली. “बहिणी ना? तोंडावळ्यावरून कळतं,” ती म्हणाली. “कुठलाही पलंग घ्या, सगळं रान मोकळं आहे. गरम पाणी सकाळीच मिळेल, उठलात तर मिळेल. आणि फोन खोलीत लागत नाही हो. धक्क्याच्या टोकाला जावं लागतं, तिथे येते रेंज.” बारकीने लगेच खिडकीबाहेर पाहिलं. तळ्यात शिरलेला एक लांब लाकडी धक्का होता, दोन्ही बाजूंना होड्या बांधलेल्या, टोकाला एक दिव्याचा खांब. “पाय मोकळे करून येते,” ती म्हणाली. जिन्यावरून तिची पावलं भराभरा उतरली, घाटात मळमळणारी हीच का ती, असं वाटावं अशी.

मी खिडकीत बसले. काचेला आतून वाफ धरली होती, ती बोटाने पुसली की तेवढ्या गोलातून धक्का दिसायचा. बारकी खांबाला टेकून उभी होती, पाठमोरी. बोलत होती. ऑफिसच्या खिडकीवर दिवसभर बोलून थकून आलेली बारकी घरी माझ्याशी बोलते, तेव्हा तिचे खांदे पडलेले असतात. तिथे ते उचललेले होते. मधेच ती हसली असावी, कारण तिने तोंडावर हात नेला. ही तिची सवय नव्हे. माझी बहीण हसते तेव्हा सगळ्या दाढादेखील दिसतात, मी कितीदा तिला त्यावरून बोलले आहे. तोंड झाकायची सवय त्यांची असणार, दात नसतानाच्या दिवसांतली. दात आले, सवय राहिली, आणि ती हिच्यात उतरली. माझ्यातलं काही तिच्यात असं उतरलं आहे का, म्हणून मी शोधू लागले. घोंगडी झटकायची पद्धत? पैशाची पिशवी उशाखाली ठेवायची? मला हसण्याच्या जातीचं काही सापडेना. काचेवर पुन्हा वाफ धरली आणि ती मी पुसली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तळ्याला वळसा घालायला निघालो. होडीचे भाव ऐकूनच आम्ही माघार घेतली होती. “पायी काय कमी दिसतं?” मी म्हटलं, आणि बारकी म्हणाली, “दात कोरून पोट भरत नाही ताई,” पण हसत म्हणाली, आणि चालू लागली. काठाने दगडी पायवाट होती. पाण्याचा वास शिळ्या फुलदाणीसारखा येत होता. बंद दुकानं, उलटी ठेवलेली टेबलं, एका भिंतीवर मागच्या हंगामाचे फाटके कागद. पलीकडच्या काठाला पोचल्यावर एका बाकावर बसून आम्ही उकडलेली अंडी सोलली. तिथून लॉज काड्यापेटीएवढं दिसत होतं. बारकी मिठाची पुडी सोडत म्हणाली, “त्यांच्या गावी नदी आहे. एवढी मोठी नाही. पण घरातून दिसते.” मी अंड्याचं साल काढत होते, ते पांढऱ्यासकट निघालं. “डावीकडून चावतो तो माणूस,” मी म्हटलं. “दाढा झिजल्यात. झोपेत करकर दात खात असणार, तुला झोप लागायची नाही. हट्टी माणसं खातात तसे दात. आणि या वयात काय गं बारके? दात होते तेव्हा चणे नव्हते, आता चणे मिळाले तर दात खोटे.” शेवटचं मला बोलायचं नव्हतं. तोंडातून सुटलं आणि तळ्यावर पसरलं.  अंडं बारकीने खाल्लं नाही, मिठाच्या पुडीवर ठेवलं, त्याला लागू नये इतकं अलगद.

“खोटे दात तूच केलेस,” ती म्हणाली. “ते म्हणतात, तुमच्या ताईंनी किती समजून केलेत. एक तिरका ठेवलाय. म्हणतात, माझा मूळचा तसाच होता, त्यांना कसं कळलं?”  मग मी तेच बोलले जे माझ्याकडे नेहमी तयार असतं. “आईने मला सांगितलं होतं, बारकीला जप. म्हणून बोलते. मला काय हौस आहे?” बारकीने माझ्याकडे मान वळवली. तिच्या तोंडावर राग नव्हता, कंटाळा होता, आणि तो मी कधी पाहिला नव्हता. “मलाही सांगितलं होतं,” ती म्हणाली. “काय?” “तुला बाहेर औषध आणायला पाठवलं होतं तेव्हा. माझा हात धरला न् म्हणाली, ताईला एकटी टाकू नकोस. ती वरून कडक आहे, एकटी राहायची नाही.” “तू केवढीशी होतीस!” “केवढी का असेना. ऐकू येत होतं मला.” तिने साली गोळा केल्या, कागदात बांधल्या. “ऑफिसातून बदली मिळत होती, बढती होती, नाही घेतली. सहलीला जायचे सगळे, नाही गेले. म्हटलं तू जेवायची नाहीस. तक्रार नाही करत गं. तू म्हणालीस म्हणून सांगितलं.” आणि उठून पुढे चालू लागली.

उरलेला वळसा मी तिच्या मागून चालले. पाठ तीच, चाल तीच, तरी मला ती बाई अनोळखी वाटत होती. मला आधी राग आला, तोही आईचा. मेलेल्या माणसाचा राग येतो तेव्हा तो ठेवायला जागा नसते. एवढ्याशा पोरीच्या गळ्यात तिने मला बांधलं! मी घरची कर्ती, मी जपणारी, आणि इतकी वर्षं ती पोरगी गुपचूप मला जपत होती. संध्याकाळी मला न्यायला यायची ती हौसेने यायची असं मी धरून चालले होते. मला अंधारात जिना उतरताना भीती वाटते हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तिला कळलं होतं. मग आमच्या खोलीत राहत कोण होतं? दोन पहारेकरी, एकमेकींना कैदी समजणाऱ्या. मला एकदम हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले, आणि वाट ओली असल्याने मी मान खाली घालून चालत राहिले, तिला काही दिसलं नाही. लॉजवर आल्यावर मी डोकं दुखतं म्हणून घोंगडीत शिरले.  तिला वाटलं असणार, ताई रुसली. वाटू दिलं. रुसवा मला जमतो, दुसरं काय करावं ते मला माहीत नव्हतं.

सकाळी जाग आली तेव्हा वरचा पलंग हलत नव्हता. बारकी कपडे करून, केस विंचरून माझ्या पायाशी बसली होती. घोंगडीची घडी घातलेली. तिने माझ्यासाठी गरम पाणी आणून ठेवलं होतं, तांब्यावर ताटली झाकून. “ताई, मी ठरवलं,” ती म्हणाली. “त्यांना नाही म्हणून सांगून येते आत्ता. मग आपण होडीत बसू. परवडत नाही तरी बसू. चालेल ना?” आवाज अगदी नीट होता. खिडकीवरचा, काचेआडचा आवाज. “बरं,” मी म्हटलं. ती गेली. आणि मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. छातीवरचं उतरलं. आता घरी जायचं, कॅलेंडर काढून टाकायचं, चहा दोन कप. मी तांब्यावरची ताटली काढली, पाण्यात हात घातला. पाणी चांगलं कढत होतं. तिने किती लवकर उठून आणलं असेल. आता ही मला असंच पाणी देत राहील, आवाज नीट ठेवून, मी मरेपर्यंत, आणि मग तिला एकटीला कुणी टाकू नये असं सांगायला कुणीही नसेल. मी हात बाहेर काढला. पायात चप्पल सरकवली, अंगावर शाल घेतली की नाही आठवत नाही, आणि जिना उतरले.

धुकं पाण्याला चिकटलेलं होतं. बारकी धक्क्याच्या मधोमध पोचली होती. दोन दिवसांत मी त्या धक्क्यावर पाय ठेवला नव्हता. फळ्यांमधल्या फटींतून खालचं पाणी दिसतं, मला ते सहन होत नाही. मी काठावरूनच ओरडले. “तुम्ही राहणार कुठे?” ती थबकली. वळली. एवढ्या लांबून मला तिचा चेहरा पडलेला कळला. मी तिला तुम्ही म्हणते ते फक्त बिनसल्यावर. तुम्ही आता मोठ्या झालात, तुम्हाला कोण बोलणार, तुमचं तुम्ही बघा, असलं. त्यानंतर दोन-दोन दिवस घरात भांडी तेवढी वाजतात. “तुम्ही नको ना म्हणूस गं ताई!” ती तिथूनच म्हणाली, आणि आता मात्र तिचा आवाज फुटला. “नाही म्हणून सांगतेय ना त्यांना! अजून काय करू?”

मी पहिल्या फळीवर पाय ठेवला. धक्का हलला. मी कडेला ओढून बांधलेल्या दोराला धरून, खाली न बघता, तिच्याकडे बघत चालत गेले. ती हात पुढे करून माझ्याकडे येऊ लागली, पडेन म्हणून. “तिथेच थांब,” मी म्हटलं. जवळ गेले तेव्हा दम लागला होता. “तुला नाही म्हटलं तुम्ही,” मी म्हटलं. “तुम्हाला म्हटलं. तुम्हा दोघांना.” ती माझ्याकडे बघत राहिली. तिला समजायला वेळ लागला, आणि तो वेळ मला फार झाला, कारण ती बोलली नसती तर मी कदाचित शब्द मागे घेतला असता. “ताई, तू एकटी...” “माझं मी बघते. आई काय, तापात बोलली असेल. नदी दिसते म्हणालीस ना? घर ओलं आहे का बघा. तुला दम लागतो ओलीत.” बारकीने तोंडावर हात नेला, मग तो काढला, आणि सगळ्या दाढा दाखवून रडली. मी तिचे डोळे पुसले नाहीत. तिच्याकडे रुमाल होता.

तेवढ्यात तिच्या मुठीतला फोन वाजला. त्यांचाच असणार, रोजची वेळ ठरलेली असणार. ती माझ्याकडे बघत होती, घेऊ का म्हणून. मी मानेनेच घे म्हटलं आणि परत फिरले. परतताना फटी जास्त मोठ्या वाटत होत्या. दोर ओला होता, हाताला गार लागत होता. मागे ती नाक ओढून बोलायला लागली होती, पाण्यावरून आवाज स्पष्ट येत होता. “अहो, ऐका ना,” ती म्हणाली. “ताई विचारतेय, आपण राहणार कुठे?”

तिचा तो ‘आपण’ मी जन्मभर आतून ऐकला होता. बाहेरून कसा वाटतो ते त्या दिवशी कळलं. मी दोर घट्ट धरला आणि पुढच्या फळीवर पाय टाकला.